खाड्याचे पैसे देणारी खाणावळ: चार महिने जेवून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, नाव-पत्ता टाकणार नाहीये. टाकणार होते खरं तर, पण गल्ल्यावरच्या काकूंनी हात जोडले, म्हणाल्या बाई मागे एकीनं रील टाकलं तर आठवडाभर लोअर परळची सगळी ऑफिसं इथं रांगेत, आणि आमची रोजची माणसं ती रांग बघून वडापाव खाऊन परत गेली. तर लालबाग-काळाचौकीचा पट्टा, जुनी चाळ, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांची एक केलेली, बाहेर निळी ताडपत्री. एवढं पुरे. ज्यांना शोधायचंच आहे त्यांनी अकराच्या सुमारास त्या बाजूला फिरावं, लसणाची फोडणी रस्त्यापर्यंत येते.

जेवणाचं आधी, कारण शेवटी खाणावळ आहे. ताटात तीन पोळ्या किंवा दोन भाकऱ्या, एक उसळ, एक पालेभाजी, आमटी, भात आणि शेंगदाण्याचा ठेचा. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मच्छी, ती वेगळी घ्यायची, भाऊच्या धक्क्यावरून पहाटे आणलेली, बहुतेक मांदेली नाहीतर बोंबील, आणि कोलंबी स्वस्त मिळाली असेल तर वांग्यात घालून. उसळ एक नंबर. मटकी, वाल, चवळी, काहीही असो, कुठं शिजवायचं थांबवायचं हे स्वयंपाकाच्या बाईंना कळतं. भाकरी गरम मिळते आणि गरमच खाल्ली पाहिजे, दहा मिनिटांत चिवट होते. पालेभाजी मात्र नशिबावर, एखाद्या दिवशी माठ असा की दुसऱ्यांदा मागावा आणि दुसऱ्या दिवशी पालकाचं नुसतं हिरवं पाणी. भात रोजच थोडा गिच्च. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा "हो ना" म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी भात तसाच, तेव्हापासून मी भाताच्या जागी जास्तीची भाकरी घेते, ते चालतं त्यांना.

आता भाव. पाटीवर तीन आकडे आहेत, ४०, ७० आणि ११०. ताट तेच, वाढणं तेच, फक्त आपण किती देणार ते आपलं आपण ठरवायचं आणि गल्ल्यावर तेवढेच पैसे ठेवायचे, कुणी काही विचारत नाही. पहिल्या दिवशी मला हा काहीतरी सापळा वाटला, म्हणजे चाळीस दिले तर कमी वाढणार आणि एकशे दहा दिले तर गोड काहीतरी येणार असं. तसं काही नाही. सुरुवातीला म्हणे तीन रंगांची टोकनं होती, मग लोक शेजारच्याच्या टोकनाकडे बघायला लागले आणि चाळीसवाली माणसं यायची थांबली, तेव्हा बैठक घेऊन सगळ्यांना एकच पत्र्याचा बिल्ला केला. एका ताटाला खर्च किती येतो ते भिंतीवरच्या वहीत लिहिलेलं असतं, दर महिन्याचं. खिळ्याला दोरी, दोरीला वही, कुणीही उघडावी. मी गेले त्या महिन्यात ६६ रुपये होता. म्हणजे सत्तर देणारा जेमतेम स्वतःचं ताट भागवतो आणि चाळीसवाल्याची तूट एकशे दहावाले भरतात. मी खरं सांगू का, पगार झाला की ११०, पंचवीस तारखेनंतर ७०. एकदा ४० पण दिलेत, त्या महिन्यात रूटकॅनल होतं.

कुणी म्हणेल यात नवीन काय, सरकारची शिवभोजन थाळी होतीच की दहा रुपयांत. होती, २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, मूद भात, शहरात एका थाळीचे ५० धरायचे आणि त्यातले ४० सरकार केंद्रचालकाला देणार असा हिशेब. मी खाल्लीये, लॉकडाऊननंतर, वाईट नव्हती. पण तिथं ताटात काय असावं हे खाणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि सरकारकडून पैसे यायला उशीर झाला की केंद्रवाला आपला घायकुतीला. त्याच्या आधी १९९५ च्या सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर, तिचे स्टॉल माझ्या लहानपणी सगळीकडे होते आणि मग बघता बघता त्यांच्यात डोसा-सँडविच मिळायला लागलं. वरून आलेल्या पैशाचं असं होतं, तो आला तसा जातो आणि खाली कुणाला हिशेब मागता येत नाही.

इथला पैसा भिशीचा आहे. शब्दशः भिशी, आपल्या आया चालवायच्या तशी, फक्त नंबर लागत नाही. मी जॉइन झाले तेव्हा १३२ घरं होती, महिन्याला कमीत कमी वीस रुपये, जास्त कितीही. त्या पैशाचे वहीत तीन कप्पे केलेत, ताट, भाजी आणि खाडा. ताट म्हणजे खाणावळीची तूट. भाजी म्हणजे रविवारचा बाजार, त्याचं पुढे सांगते. आणि खाडा ही या सगळ्या प्रकारातली मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट आहे, ठेच्यापेक्षाही.

खाडा म्हणजे काय हे ज्यांच्या घरात रोजंदारी आहे त्यांना सांगायला नको. कामावर गेलं नाही की पैसे कापले, तो खाडा. आता बघा, आपल्याकडे कायदे वाईट नाहीयेत हो. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती म्हणून आहे, तिच्यात किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या, त्याही निवडून आलेल्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. रेशनचा २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, त्यात अगदी एकेका दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समिती सांगितलीये, सामाजिक लेखापरीक्षण सांगितलंय. कागदावर सगळीकडे आपली खुर्ची आहे. फक्त ती खुर्ची मंगळवारी सकाळी साडेअकराला ऑफिसात असते आणि मंगळवारी सकाळी साडेअकराला आपली माणसं धुणीभांडी करत असतात नाहीतर भाजी विकत असतात. मग त्या खुर्चीवर कोण बसतं? ज्याला खाडा पडत नाही तो. दुकानदाराचा मेव्हणा, रिटायर झालेले कुणीतरी काका, पक्षाचा पोरगा.

तर या लोकांनी ठरवलं की अशा बैठकीला, सुनावणीला, अर्ज द्यायला आपल्यातलं जे कुणी जाईल त्याचा खाडा भिशी भरून देणार. दिवसाचे ४००, अर्ध्या दिवसाचे २००, वर बसचं तिकीट आणि झेरॉक्स. माहिती अधिकाराच्या अर्जाचा दहा रुपयांचा स्टँपपण त्यातूनच. बस, एवढंच. मला आधी वाटलं ही काय योजना झाली, चारशे रुपयांनी काय होतंय. मग नाक्यावर भाजी विकणाऱ्या मावशींनी सांगितलं (त्यांचं ताट माझ्याच वेळेला असतं, बोलून बोलून ओळख झाली) की त्या बावीस वर्षं त्याच फुटपाथवर बसतात, पालिकेची गाडी येऊन माल उचलून नेते, सोडवायला गेलं की दंड आणि वर दिवस गेला, आणि इतक्या वर्षांत त्या एकदाही तक्रार द्यायला गेल्या नव्हत्या, भीती होती म्हणून नाही, "तक्रारीला गेले तर त्या दिवशीची मेथी कोण विकणार, ती काय उद्यापर्यंत थांबते?" हे ऐकल्यावर मला ते चारशे रुपये वेगळे दिसायला लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत फेरीवाला समितीचं मतदान झालं तेव्हापण त्यांचे दोन फेरे झाले होते, एक यादीत नाव बघायला आणि एक मतदानाला, तेव्हा ही भिशी नव्हती आणि दोन्ही खाडे त्यांच्याच पदरचे. यंदा सुनावणीला चार वेळा गेल्या. सगळं वहीत आहे, तारीख, नाव, रुपये ४००, अंगठा.

फायदा झाला का, असं विचाराल. मावशींना लायसन्स अजून नाही. एवढं झालं की माल उचलला तर आता पावती मिळते, आणि पावती आहे म्हटल्यावर अर्धा माल वाटेत गायब होत नाही. रेशनचं जरा बरं झालं. शेजारच्या गल्लीतल्या दुकानात दक्षता समिती आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, तिथं आता आपल्या दोघी बसतात, दुकानाबाहेर साठ्याचा फलक लागला, आणि म्हाताऱ्यांचा अंगठा मशीनवर उमटला नाही तर दुसरा मार्ग काय ते दुकानदाराला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. खाणावळीत भांडी घासणाऱ्या आजींच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत, जन्मभर राखेनं भांडी घासून, मशीन त्यांना दर महिन्याला "ओळखत नाही" म्हणायचं. धान्य २०२३ पासून फुकट आहे, माणशी पाच किलो, पण फुकट असून हातात पडेना अशी गत. आता पडतं.

सध्या वहीत मोठा विषय रेशनसाठीच्या उत्पन्नाच्या मर्यादेचा चाललाय. ज्यांना हे धान्य मिळतं त्या प्राधान्य गटात बसायला शहरात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवं असं राज्यानं ठरवलं, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. मुंबईत! पाच हजारात इथं झोपडीचं भाडंपण होत नाही. नवराबायको दोघं कमावतात त्या घराला एकतर धान्य सोडावं लागतं नाहीतर दाखल्यावर खोटं लिहावं लागतं, आणि सगळे काय करतात ते सगळ्यांना माहितीये. भिशीनं ठरवलंय की पुढच्या तिमाहीत खाड्याचा निम्मा पैसा याच्यावर लावायचा, घराघरांतून खरा खर्च लिहून घ्यायचा आणि तो घेऊन जायचं. मी एक्सेल करून देणार म्हणालेय. (अजून केलं नाही, काकू हे वाचत असतील तर सॉरी.)

ठरवतात कसं ते सांगायचं राहिलं. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या शनिवारी रात्री ताटं धुवून झाल्यावर बैठक. जेवढे विषय तेवढे डबे. प्रत्येक घराला एक पांढरा वाटाणा, वीस रुपये देणाऱ्यालाही एकच आणि दोन हजार देणाऱ्यालाही एकच. हात वर करायचं आधी होतं, पण हात वर करताना सुना सासूकडे बघतात असं लक्षात आलं म्हणून डबे आणले. आता मी महिन्याला पाचशे देते आणि माझा वाटाणा एक, हे पहिल्यांदा जरा टोचलं, खोटं कशाला बोलू. एका बड्या कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेला, पैसा येत होता, वर्षभराचं ताट निघालं असतं, अट एवढीच की बाहेर त्यांचा बॅनर आणि खाडा हा कप्पा बंद, त्यांना म्हणे जेवणाला पैसे द्यायचे होते, "आंदोलनाला" नाही. मी घ्या म्हणून वाटाणा टाकला. मला अजूनही वाटतं वर्षभरासाठी घ्यायला हरकत नव्हती, खाड्याचं आपण वर्गणीतून बघितलं असतं, स्वयंपाकघराला एक्झॉस्ट लागला असता. पण १९ विरुद्ध ८७. आजी म्हणाल्या, "जेवू घालतील पण बोलू देणार नाहीत, ते तर माझा मुलगापण करतो." त्यावर मी काय बोलणार!

मध्ये एकदा एक रिसर्च करणारा मुलगा आला होता, चांगला होता, त्यानं ताटावर बसून ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेची गोष्ट सांगितली, तिथल्या पालिकेनं १९९३ मध्ये अन्नासाठी स्वतंत्र खातंच काढलं, स्वस्त जेवणाच्या खाणावळी काढल्या, शेतकऱ्यांना थेट शहरात विकायला जागा दिल्या. सगळे कौतुकानं ऐकत होते. काकूंनी विचारलं तिथं बैठकीला गेलेल्याचा खाडा कोण भरतं? त्याला सांगता येईना. बिचारा दुसरी भाकरी अर्धी टाकून गेला.

तसं आपल्याला ब्राझीलला जायची गरज नाहीये. याच गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सुरुवात चौदा जणींच्या बँक कर्जापासून. लिज्जतवाल्या सात जणींनी १९५९ ला गिरगावात ऐंशी रुपये उसने घेतले होते. आणि माझी आजी १९७२ च्या आसपास महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या लाटणं मोर्चात गेली होती, ते लाटणं आमच्याकडे अजून आहे, पुरणपोळीला काढतो. या खाणावळीतल्या निम्म्या बायका अशाच घरांतल्या आहेत, त्यांना यातलं काही कुणी शिकवलेलं नाही.

रविवारचा बाजार. सकाळी सात ते दहा, चाळीच्या चौकात. जुलै २०१६ मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला, त्यामुळे शेतकऱ्याला वाशीला न जाता थेट इथं आणून विकता येतं. जुन्नरकडून एक टेम्पो येतो आणि पालघरकडच्या बायका लोकलच्या लगेज डब्यातून पावसाळ्यात रानभाज्या आणतात, शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी. भिशी टेम्पोचं भाडं आगाऊ देते आणि न खपलेला माल खाणावळ घेते, म्हणून शेतकऱ्याला दहा वाजता पडेल भावात विकावं लागत नाही. (सोमवारी खाणावळ बंद, त्यामुळे मंगळवारची पालेभाजी म्हणजे रविवारची उरलेली, हे मला फार उशिरा कळलं, ते हिरवं पाणी तिथून येतं.) पण भाव स्वस्त आहे या समजुतीत जाऊ नका. टोमॅटो कधी कधी नाक्यापेक्षा चार-पाच रुपये महाग असतो. आणि नाक्यावरच्या मावशींचं काय, त्यांचा रविवारचा धंदा यानं बसला ना? हा विषय बैठकीत जोरात निघाला, भांडणच झालं, शेवटी असं ठरलं की कांदा-बटाटा-लसूण बाजारात ठेवायचा नाही, तो मावशींकडूनच घ्यायचा, आणि त्यांनाही टेम्पोतून माल उचलता येईल. मावशी यावर खूश आहेत असं मी म्हणणार नाही. "चालतंय" म्हणतात.

आता तक्रारी, कारण नुसती आरती ओवाळायला मी बसलेले नाही. साडेबारा ते दीड गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं उभं राहावं लागतं, बाकं फक्त चार. पंखे दोन, त्यातला एक शोभेचा. मेमध्ये आत बसून जेवणं म्हणजे शिक्षा, फोडणीचा धूर सगळा आपल्याच डोळ्यांत (एक्झॉस्ट, म्हटलं ना). पाऊस पडला की ताडपत्रीतून नेमकं तिसऱ्या बाकावर गळतं. यूपीआयचा क्यूआर आहे पण आवाजाचा डबा नाही, मग काकू हातातलं लाटणं ठेवून फोन बघणार आणि रांग थांबणार. व्हॉट्सअॅप ग्रुप म्युट करूनच जॉइन व्हा, मेन्यू एक आणि गुड मॉर्निंग चाळीस. बैठक नऊची म्हणतात आणि पावणेदहाला सुरू होते, आणि वाटाण्याचे डबे कितीही आणले तरी बोलण्यात तीन-चार भाऊ लोकच अर्धा वेळ खातात, मी घड्याळ लावून बघितलंय. एकदा एका भाऊंनी "बायकांनी बोललं पाहिजे" या विषयावर अकरा मिनिटं भाषण केलं.

आणि एक गंभीर. खाड्याच्या वहीत नाव आणि अंगठा सगळ्यांना दिसतो, ते हिशेबाला चांगलं, पण एका बाईच्या मालकिणीनं ती वही वाचली, मालकीण पण भिशीत आहे, आणि "तू त्या दिवशी आजारी होतीस ना गं" म्हणून तिला ऐकवलं. काम गेलं नाही, पण जाऊ शकलं असतं. मी सुचवलंय की भिंतीवर नुसता नंबर लिहा आणि नावाची वही आत ठेवा. येत्या बैठकीला डबा ठेवणार आहेत त्याचा. बघू वाटाणे काय म्हणतात.

स्टार द्यायचेच तर जेवणाला साडेतीन, मच्छीच्या दिवशी चार, बसायच्या सोयीला दोन, हिशेबाच्या वहीला पाच. सोमवारी बंद. स्वतःचा डबा नेलात तर पाच रुपये कमी. ठेचा साडेबारापर्यंत संपतो, त्यामुळे त्याच्या आत जा.